बाबा असताना भादरलेलं डोकं

"सर, याला अँड्रोजेनेटिक अलोपेशिया म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि टाळूवर धरलेला छोटा कॅमेरा त्यांनी बाजूला केला. समोरच्या पडद्यावर माझंच डोकं होतं. उन्हाळ्यातली वैनगंगा जशी दिसते तसं, वाळूच वाळू आणि मध्ये एखादी ओली रेघ.

नाव भारदस्त असलं तरी अर्थ साधा आहे. घराण्यातून चालत आलेलं टक्कल. पुरुषी संप्रेरकापुढे केसांची मुळं वर्षानुवर्षं बारीक होत जातात आणि शेवटी कायमचा संप करतात.

"ग्रेड पाच," बाई म्हणाल्या.

"पाचापैकी?"

"सातापैकी."

म्हणजे अजून दोन इयत्ता शिल्लक होत्या. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडळाचं सूत्रसंचालन करतो. मंचावरचे दिवे लागले की पहिल्या रांगेतली पोरं डोळ्यांवर हात धरायची. हे असंच आयुष्यभर चालू द्यायचं नाही, असं पन्नाशीत ठरवलं आणि धंतोलीतल्या त्या क्लिनिकमध्ये जाऊन बसलो. तुमच्यापैकी कोणी उद्या तिथे बसणार असेल, तर पुढचं त्याच्यासाठी.

पहिली गोष्ट, नवीन केस कोणी देत नाही. आमच्या भंडाऱ्याकडे धानाचं रोप एका वाफ्यातून उपटून बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवतात, तसंच हे. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस सहसा गळत नाहीत. त्यांची मुळं एकेक करून काढायची आणि पुढे लावायची. या पद्धतीला एफयूई म्हणतात, आणि प्रत्येक रोपाला ग्राफ्ट. मागचं शेत जेवढं, तेवढीच पुढे रोवणी. कोणी जंगल उगवून देतो म्हणाला, तर चहा पिऊन निघून यावं.

दुसरी गोष्ट, तपासण्या. साखर, रक्त गोठण्याची वेळ, कावीळ, एचआयव्ही, रक्तदाब. त्यानंतर बाईंनी माझ्या दातांकडे पाहून विचारलं, "खर्रा?"

"कधीमधी."

"आजपासून कधीच नाही. तंबाखूनं त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो. लावलेलं जगत नाही."

नागपुरी माणसाला खर्रा सोडायला लावणारं हे शास्त्र, मी तेव्हाच हात जोडले.

तिसऱ्या गोष्टीवर मात्र मी अडलो. "सगळं डोकं भादरावं लागेल," बाई म्हणाल्या.

"न भादरता?"

"थोडंसंच काम असतं तर जमलं असतं. तुमच्या ग्रेडला नाही."

आता आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. बाबा, म्हणजे भाऊराव, वीज मंडळातले निवृत्त लाइनमन, ऐंशीच्या पुढचे. खांबावर चढून विजेशी भांडलेला माणूस, पण एका गोष्टीला घाबरतो. बाप जिवंत असताना पोरानं डोकं भादरायचं नाही. एकदा कारखान्यातली मंडळी तिरुपतीला निघाली, तर मला दारातच थांबवून म्हणाले, "जा. पन केस देऊ नको. मी हाय तोवर तुह्या डोक्याले वस्तरा लागला, तं मी गेलोच समज." हे ते हसत बोलले नव्हते. आई गेली तेव्हाही मी फक्त दाढी केली होती, तीही त्यांच्याच हट्टानं.

त्यामुळे मी एक बेत रचला. थंडीत बाबा उमरेडला आत्याकडे हुरडा खायला जातात आणि महिनाभर रमतात. तेवढ्यात काम उरकायचं, आणि ते परत येईपर्यंत डोक्यावर खुंट आलेले असतील. सुषमा, माझी बायको, म्हणाली, "तुमचे बेत मंडळात चालतात, घरात नाही." मी तिकडे दुर्लक्ष केलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोटभर नाश्ता करून, पुढे बटणं असलेला सदरा घालून जावं. डोक्यातून काढायचा बनियन नको, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी पेननं कपाळावर रेघ आखतात. मी रेघ आणखी खाली मागितली. बाई म्हणाल्या, "सर, पन्नाशीला शोभेल तेवढीच." मग भादरणं. आरशात मी पाहिलंच नाही.

भूल फक्त डोक्यापुरती, लोकल ॲनस्थेशिया. ती टोचताना दुखतं, आणि चांगलंच दुखतं. ज्यानं "मुंगी चावल्यासारखं" असं सांगितलं, त्याला हिंगण्याच्या मुंग्या दाखवायला हव्यात. पण ते काही मिनिटांचंच असतं. पुढे दिवसभर दुखलं नाही. सकाळी पालथं झोपून मागची मुळं काढली, दुपारी खिचडी खाल्ली आणि मग उताणं झोपून पुढे रोवणी झाली. बारीक कुरकुर आवाज येत राहतो, चणे भाजल्यासारखा. मी पडल्या पडल्या तंत्रज्ञ मुलींना गणपतीतले किस्से सांगत होतो. शेवटी एक म्हणाली, "काका, हसू नका न, कपाळ हलून राहिलं."

घरी आल्यावर लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. डोकं उंच ठेवून झोपायचं. लावलेल्या जागेवर सलाइनचा फवारा मारत राहायचं, नखाला तिथे बंदी. काही आठवडे हेल्मेट नाही, म्हणून दुचाकीही नाही. ऊन नाही. आणि कपाळाला सूज येते. ती हळूहळू खाली उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांवर येऊन बसते. याला घाबरू नये, ती आपोआप जाते.

माझी सूज जाण्याआधी माझ्या बाबांना घेऊन गेली.

झालं असं की चौथ्या दिवशी मी टोपी काढून अंगणात बसलो होतो. समोरच्या वानखेडेकाकूंनी गच्चीवरून पाहिलं. डोकं भादरलेलं, डोळे रडून सुजल्यासारखे आणि भाऊराव आठवडाभरापासून दिसत नाहीत. त्यांनी दोन आणि दोन चार केले, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, आणि ग्रुपनं त्यावर हार चढवला. सुषमा बँकेत होती. माझा फोन सारखा टिणटिणत होता, पण सुजलेल्या डोळ्यांना पडदा दिसेना. मी तो उशीखाली ठेवून झोपलो.

ग्रुपवर बाबांचे जुने सहकारी डोंगरेकाकाही आहेत. भाऊरावांचा फोन आता घरच्यांकडे असेल असं समजून त्यांनी सांत्वनाला तोच नंबर लावला. पुढचं संभाषण बाबांनी नंतर कित्येकांना ऐकवलं.

"लय वाईट झालं गा. कधी गेले?"

"कोन?"

"भाऊराव."

"मी भाऊरावच बोलून राहिलो, डोंगऱ्या. तू पिऊन हायेस का?"

संध्याकाळी दार वाजलं. टोपी घालून उघडलं, तर कॉलनी उभी. काकूंच्या हातात डबा. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून त्या पिठलं-भाकर घेऊन आल्या होत्या. वानखेडेकाका माझा हात धरून म्हणाले, "उमरेडलेच उरकलं म्हने सारं? आमाले खांदा द्यायलेही नाही बोलावलं. एवढे परके झालो का?"

"काका, अहो बाबा..."

"रडू नको गा. डोळे पाह्य कसे झाले."

मी सांगतो आहे की बाबा ठणठणीत आहेत, आणि प्रत्येक जण मान हलवतो आहे, धक्का बसलाय बिचाऱ्याला. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. बाबा उतरले, ऑटोवाल्याशी घासाघीस केली, आणि गर्दी पाहून म्हणाले, "कोन गेलं?"

काकूंनी डबा पदराआड घेतला. बाबांनी तो मागून घेतला, ओसरीवर बसले आणि उघडला. "माह्याच दुखवट्याचं पिठलं," एक घास घेऊन म्हणाले, "मीठ कमी हाय, वयनी." मग मात्र हसू फुटलं. लोक अर्धा तास बसले. बाबांनी प्रत्येकाला विचारलं, तू आमच्याबद्दल काय लिहिलं होतं, वाचून दाखव.

सगळे गेले. बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, "टोपी काढ."

मी काढली. पुढे लाल ठिपक्यांचं शेत, मागे खपल्या. बाबा बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा हसरा चेहरा उतरत गेला. भूल टोचतानासुद्धा मला एवढी धाकधूक झाली नव्हती.

"म्हनजे माह्या मागचं काम तू आधीच उरकलं."

"बाबा, त्याशिवाय होत नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट तं वाटलं," ते म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी अंगणात फवारा मारत होतो, डोळे अजून नीट उघडत नव्हते आणि निम्मं पाणी कानात जात होतं. बाबा आले, बाटली काढून घेतली आणि स्वतः मारायला लागले. खांबावरचा हात तो, थेंब बरोबर जागेवर.

"एकेक करून लावले का हे?"

"हो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

ते मागच्या बाजूला सरकले. "मंग आईक. मी जाईन तवा याले हात लावू नको. तुह्यं भादरून झालं. मी माह्या डोयानं पाहून घेतलं, सारी कॉलनीही जेवून गेली. पुन्हा कायले पाहिजे? कोनी बोललं तं सांगजो, बापानं सांगून ठेवलं होतं."

मी बाहीनं डोळे पुसले. सुजेला दोष दिला.

पुढचं थोडक्यात. खपल्या दोनेक आठवड्यांत पडतात. मग लावलेले केसही झडतात. याला शॉक लॉस म्हणतात, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: झडतो तो केस, मूळ आत राहतं. उशीवर केस पाहून मी क्लिनिकला फोन करून आरडाओरडा केला, तो तुम्ही करू नका. तीन महिने तुम्ही आधीपेक्षा वाईट दिसाल. चौथ्यात लव येते, आणि वर्षाच्या आत कंगव्याला काम मिळतं. टाळू काही महिने बधिर राहते, ती परत जागी होते. बाबा रोज सकाळी चष्मा लावून पाहणी करायचे आणि सुषमाला कळवायचे, "डाव्या बांधीत बरं हाय, उजवीत जरा विरळ."

गेल्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. बाई खूश होत्या. निघताना मी विचारलं, "आता यावर वस्तरा फिरवला तर?"

त्या चमकल्या. "इतक्या मेहनतीनं आणले ते काढायचे?"

"कधी वेळ आली तर."

"काही होत नाही. मुळं खाली आहेत. पुन्हा येतील."

घरी आलो तेव्हा बाबा फाटकातच उभे होते.

"काय म्हने डाक्टर?"

"जपायला सांगितलं," मी म्हणालो.