जाऊबाईंचा घाम थांबला तेव्हा

मे महिन्यातली दुपार. आम्ही दोघी जावा डिंगोरे गावातल्या आमच्या मळ्यात, पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची तोडत होतो. बाहेर ऊन आणि आत नुसती वाफ. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला गच्च रुमाल. माझ्या तर कोपरांवरून घाम ठिबकत होता. थोरल्या जाऊबाईंचं तोंड मात्र कोरडंठाक. मला हेवाच वाटला. म्हटलं, "ताई, तुमाला घाम पण येत नाय, मजाय तुमची!"

त्या हसल्या नाहीत. "थंडी वाजतीय, आई," म्हणाल्या. मी त्यांची आई कधी झाले, हे कळायच्या आत त्या वाफ्यांमधल्या वाटेवर आडव्या.

हात लावला आणि हबकलेच. अंग तव्यासारखं तापलेलं. माझी बोंब ऐकून सासूबाई आणि मामंजी धावत आले. तिघांनी उचलून त्यांना बाहेर आंब्याखाली आणलं. थंडी वाजतीय म्हटल्यावर सासूबाईंनी घरातून गोधडी आणून गळ्यापर्यंत लपेटली. मला तेही बरोबरच वाटलं. ताप आला की पांघरूण, हेच तर आम्ही जन्मभर करत आलो.

मामंजींनी ओतूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते असे ओरडले की मला लांबून ऐकू आलं. "उष्माघात आहे हा, गोधडी फेका आधी! कपडे सैल करा, पाणी मारा, वारा घाला. मी गाडी पाठवतो, पण तोवर थांबू नका. जीव जाईल तिचा!"

मी गोधडी ओढून फेकली आणि शर्टाची बटणं काढायला लागले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "सासऱ्याम्होरं? याड लागलं का तुला?" आजही आठवलं की अंगावर काटा येतो. माणूस मरायला टेकलं होतं आणि आम्ही लाजेचं बघत होतो!

मामंजींनीच पाइप ओढून आणला, तसं मी मनगट सोडवून घेतलं आणि बटणं, डोक्याचा रुमाल, सगळं सोडलं. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातून आधी कढत पाणी आलं. ते बाजूला सोडून, विहिरीचं गार लागल्यावर त्यांनी डोक्यापासून धार धरली. ज्या सुनेकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, तिला हाका मारत होते. "पोरी, डोळं उघड. ए पोरी!" मी पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि रडत होते.

गाडीचा आवाज आला तेव्हा जाऊबाईंच्या पापण्या हलल्या. समोर सासरे दिसले. शुद्ध पुरती आलेली नव्हती, तरी हात चाचपडत डोक्याकडे निघाला, पदर शोधत.

सासूबाईंनी तो हात घट्ट धरून ठेवला. "ऱ्हाऊ दे गं," म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."