धानोऱ्याच्या बसमधलं ऑफिस

मुलांनो, तुमच्याही ऑफिसांनी तुम्हाला परत बोलावलंय, म्हणून धानोऱ्याहून गडचिरोलीला येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या तरुणाबद्दल लिहिते. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लॅपटॉपची बॅग त्याने तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरली होती, आणि तिला मोहफुलांचा गोड वास येत होता.

"पहाटे मायसंग मोह वेचतो, बाई, अन् दहा वाजता घरूनच ऑफिसचं काम सुरू करतो," तो म्हणाला. "आता म्हणतात, पुण्याले येऊन बसा, नाईतर नोकरी सोडा. साहेबाले मोहाचं सांगतलं, पण त्याले पटतच नाई, म्हणून निघालो पुण्याले. माय एकटी किती वेचन? उशीर झाला का ढोरं खाऊन टाकतात."

बोलताना तो सारखा मोबाइल खिडकीपाशी धरून रेंज शोधत होता. ती आली आणि साहेबांचाच फोन वाजला. बसच्या खडखडाटात ऐकू येईना, म्हणून त्याने स्पीकर लावला. ऑफिसात एकत्र बसल्याने काम कसं सुधारतं, हे साहेब समजावू लागले. मध्येच त्यांच्यामागे कुकरची शिट्टी झाली. लगेच दुसरी.

"सर," हा अगदी आदराने म्हणाला, "पहिले गॅस बंद करून या. मी थांबतो."

सारी बस हसली. पलीकडे साहेबही हसले.

"बरं, मोह संपेपर्यंत राहा तिकडेच. पण कधी संपतो तो?"

त्याने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

"ते झाडाच्या हाती हाय, सर."

फोन ठेवून तो पुढच्याच फाट्यावर उतरला, परतीची बस धरायला.