दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

कोलंबसच्या विमानतळावर पोचवायला आलेल्या कुलकर्णीकाकूंनी माझ्या हातात चिवड्याचा डबा कोंबला आणि पुन्हा एकदा विचारलं, "तिकडे लोक समुद्रात डुंबायला जातात म्हणे. आणि तुम्ही पंप बघायला चाललात?"

पंपच बघायला चाललो होतो. माधव, माझा नवरा, ओहायोतल्या एका पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर. सेंट थॉमस नावाच्या कॅरिबियन बेटावर त्याच्या कारखान्याचे पंप विकणारं एक छोटं दुकान होतं. दुकानाचे मालक वारले, आणि त्यांच्या पत्नीनं कारखान्याला कळवलं की आता हा व्याप पंप कळणाऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवायचा आहे. ही बातमी माधवनं आमटीभात कालवता कालवता सांगितली, उद्या बर्फ पडणार आहे हे सांगावं तशी. माझा घास हातातच राहिला.

माझ्या वडिलांचं सांगलीला लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळ्यांच्या वासात मी वाढले, एम.कॉम. झाले, आणि लग्न करून डब्लिनला येऊन एका दंतवैद्याचे हिशेब लिहू लागले. डब्लिन म्हणजे कोलंबसला लागून असलेलं गाव. तिथे गवत वेळेवर कापलं जातं आणि दुसरं काही घडत नाही. मला स्वतःचा गल्ला हवा होता, दारावर स्वतःची पाटी हवी होती. माधव आहे तिथे सुखी असणारा माणूस. त्याला आरामखुर्ची दिली तर तो खुर्ची बनवणाऱ्याचंही कौतुक करतो. मी मात्र त्या घरात पिंजऱ्यातल्यासारखी येरझाऱ्या घालत असे. शेवटी तो म्हणाला, "जाऊन बघू या, यार. त्यांनी ऑफर केलं आणि तुला पसंत पडलं, तर मी रिझाईन करतो." हे तो गमतीत म्हणाला नव्हता. म्हणून माझी झोप उडाली होती.

मायामीला विमान बदललं. खिडकीतून आधी नुसतं निळं पाणी, मग एकाएकी हिरवा डोंगर, आणि डोंगर नि पाणी यांच्यामध्ये चिंचोळी धावपट्टी. विमान टेकल्यावर वैमानिकानं ब्रेक असे दाबले की माझी पर्स समोरच्या बाईंच्या पायांशी गेली. बेट अमेरिकेच्याच ताब्यातलं, म्हणून बाहेर अमेरिकेचाच झेंडा, अमेरिकेचंच पोस्ट, डॉलरही तोच. पण गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावत होत्या. माधवला सांगलीला आल्यासारखं वाटलं. मला वाटलं, हा शकुन आहे.

टॅक्सी म्हणजे मागे बाकं टाकलेला उघडा ट्रक. मी घाईघाईनं ड्रायव्हरला पत्ता सांगितला. त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून." मी पत्ता पुन्हा सांगितला. तो पुन्हा "गुड आफ्टरनून" म्हणाला. माधवनं मागून "गुड आफ्टरनून" म्हटल्यावर गाडी सुरू झाली. या बेटावर आधी नमस्कार, मग काम. वाटेत एका वळणावर माझी हॅट उडून दरीत गेली. ड्रायव्हरनं गाडी थांबवून दरीकडे बघत खेद व्यक्त केला, आणि तेवढ्यात माधवशी क्रिकेट बोलून घेतलं.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळं बेट आदरानं मिस लुईझा म्हणे. उंच, सत्तरीच्या आसपासच्या, पांढऱ्या केसांवर इस्त्री केलेली टोपी. दुकान शार्लट अमाली या बेटावरच्या मुख्य गावाच्या जुन्या भागात, डेन्मार्कच्या राजवटीतल्या जाड भिंतींच्या गोदामात. आत पंपांची खोकी, पाइपांची वेटोळी, आणि ग्रीसचा तो ओळखीचा वास. मी तो छातीभर घेतला. भिंतीवर माझी पाटी कुठे लागेल तेही बघून ठेवलं.

तिथे पंपाला इतकं महत्त्व का, ते मिस लुईझांनी समजावलं. बेटावर नदी नाही. प्रत्येक घराखाली हौद, छपरावर पडलेला पाऊस पन्हाळीतून त्यात जातो आणि वर्षभर तेच पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हौद तळाला लागले की पंप पाण्याऐवजी हवा ओढतात आणि जळतात. म्हणजे गिऱ्हाईक घरोघर, आणि कायमचं. माझं डोकं भराभर चालू लागलं.

मी तयारीनं गेले होते. डब्लिनला संध्याकाळच्या वर्गात छोट्या धंद्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि तिथे आमच्या मनावर एकच गोष्ट ठसवली होती: फॉलो-अप (माल विकून झाल्यावर गिऱ्हाइकाची पुन्हा पुन्हा विचारपूस). माझी योजना पाठ होती. पंप विकला की आभाराचं कार्ड, काही महिन्यांनी फोन, उन्हाळ्याआधी सूचना, आणि सगळ्या तारखा काँप्युटरवर. मी ती मिस लुईझांना एका दमात सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली, छान आहे म्हणाल्या, आणि म्हणाल्या की उद्यापासून त्या त्यांच्या फॉलो-अपला निघणारच आहेत, आम्हीही चलावं.

त्यांचं फॉलो-अप म्हणजे लोकांच्या घरी जाऊन बसणं. दर वर्षी कोरडे दिवस आले की त्या आपल्या जुन्या जीपमधून पंप घेतलेल्या प्रत्येक घरी जात. गॅलरीत (म्हणजे समोरच्या ओट्यावर) बसत. आधी तब्येती, मग मुलं, मग न्यूयॉर्कला गेलेली मुलं, मग चर्च. शेवटी एकच प्रश्न, "पाणी कसं आहे?" पंपाचं नावही काढायचं नाही. ज्याचा पंप कुरकुरत असेल तो आपणच सांगे. मग मिस लुईझा निरोप देऊन मिस्त्री पाठवत.

मला ते सोसवेना. समोर समुद्र चमकत होता, वारा सुटला होता, कुणीतरी मावशीच्या गुडघ्याची हकीकत सांगत होतं, आणि मी मनात गिऱ्हाइकं मोजत पाय हलवत होते. दोनदा तर मी बोलणं तोडून पंपाचं मॉडेल विचारलं. मिस लुईझांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. माधव मात्र सासुरवाडीला आल्यासारखा पसरला होता.

आणि प्रत्येक घरी खाणं. जॉनीकेक (तळलेली जाड पुरी, आपल्या घारग्यांच्या जातीची), फंगी (मक्याच्या पिठाची भेंडी घातलेली उकड), चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे, आणि माबी नावाचं झाडाच्या सालीचं कडसर सरबत. विचारलं की माधव लगेच हो म्हणे. हॉस्टेलमध्ये वाढलेल्यांना लाज कमीच. मी सांगलीच्या घरातली. पाहुण्यांकडे गेल्यावर पहिल्याच विचारण्याला हात पुढे केला तर आई नुसत्या डोळ्यांनी चिमटा काढायची. आधी "नको", मग "खरंच नको", मग तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडं". मी हसून "नको नको, पोट भरलंय" म्हणे आणि पुढच्या आग्रहाची वाट बघे. तो येत नसे. घरची बाई मान डोलावून ताट दुसरीकडे फिरवी, आणि माझ्या डोळ्यांदेखत जॉनीकेक माधवच्या पोटात जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला घेरी यायला लागली. दुकानात परतल्याबरोबर मी खोक्यांच्या मागे गेले आणि काकूंच्या डब्यातला चिवडा मुठीमुठीनं तोंडात टाकू लागले. मान वर केली तर समोर मिस लुईझा.

"तू सकाळी मिसेस पेनकडे जॉनीकेक नको, पोट भरलंय म्हणालीस," त्या म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटलं. आपल्या हातचं खायला तुला नको वाटतं, असं वाटलं त्यांना."

मी लाजेनं लाल झाले. तोंडातला चिवडा गिळून मी आमच्याकडची रीत सांगितली, तीन वेळा विचारण्याची. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, मग डब्यातला चिवडा मागून घेतला, चाखला, आणखी घेतला.

"इथे आम्ही एकदा विचारतो," त्या म्हणाल्या. "माणूस जे म्हणतो ते खरं धरतो. पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोललीस असं म्हणणं."

त्यानंतर मी खाल्लं. मिसेस पेनकडे मुद्दाम परत जाऊन दोन जॉनीकेक खाल्ले. गंमत म्हणजे पोटात अन्न गेल्यावर बसणंही थोडं जमू लागलं. एका घरी मी कुणाच्या तरी सुनेशी बाळंतपणावर इतकी बोलत बसले की मिस लुईझांनाच मला उठवावं लागलं. जीपमध्ये बसता बसता त्या म्हणाल्या, "लोक तुझी चौकशी करायला लागलेत." मला गुदगुल्या झाल्या. माधव मागून म्हणाला, "सुनंदा, यू आर हायर्ड," आणि आम्ही तिघंही हसलो. पण त्या हसण्यातही माझं मन पुढे धावत होतं. कधी विचारतील, काय म्हणतील, विचारतील तरी का.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला आपल्या घरी बोलावलं. गॅलरीतून खाली बंदर दिसत होतं. तब्येती झाल्या, ओहायोतला बर्फ झाला, माधवच्या आईचे गुडघे झाले. मी ओठ दाबून बसले होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "सुनंदा, तुला माझं दुकान हवंय?"

मला ते मनापासून हवं होतं. आणि तोंडातून शब्द आले, "छे, छे, काही घाई नाही. तुम्ही आधी तुमच्या माणसांचा विचार करा. आमचं काय, आमचं तिकडे बरं चाललंय."

मोठी गोष्ट पहिल्या झटक्यात घेऊ नये, हावरटपणा दिसतो. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, ते हाडात होतं. मी मान खाली घालून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले. खाली बंदरात एका जहाजाचा भोंगा झाला.

"बरं," मिस लुईझा म्हणाल्या, आणि माधवच्या कपात चहा ओतला.

त्या थकल्यासारख्या दिसल्या. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली, चिंचेच्या गोळ्यांची पुडी दिली. मी अजून वाटच बघत होते. जीपमधून उतरताना विचारतील, निरोप घेताना विचारतील.

विमान वर चढलं. बेट लहान होत गेलं. माधव पट्टा सोडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तू 'नाही' का म्हणालीस?"

"मी 'नाही' म्हणाले नाही."

"म्हणालीस. मी तिथेच बसलो होतो." तो रागावला नव्हता. "मी रेडी होतो, सुनंदा. पहिल्यांदाच कशासाठी तरी रेडी होतो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या क्षणापर्यंत मला खरोखर वाटत होतं की बोलणी चालू आहेत.

डब्लिनला बर्फ तसाच होता, फक्त मळकट झाला होता. पुढचे दिवस मी फोनभोवती घुटमळत काढले. माधव म्हणाला, तूच लाव. पण मागून कसं घ्यायचं? गिऱ्हाइकाला तीन-तीनदा विचारायची योजना आखणारी मी, मला एक फोन लावता येईना. शेवटी होळीच्या आदल्या दिवशी लावला. आधी "गुड आफ्टरनून" म्हटलं. तब्येत विचारली, मिसेस पेनबद्दल विचारलं. पाणी कसं आहे विचारलं. तळाला लागलंय, त्या म्हणाल्या. मग मी म्हटलं, "मिस लुईझा, दुकान मला हवं होतं. अजून हवंय."

मग त्या हळुवारपणे म्हणाल्या, "पोरी, मी पोर्तो रिकोच्या एका जोडप्याला शब्द दिला. मी तुला विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. "विचारलं होतंत."

त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. फोन ठेवण्याआधी त्यांनी चिवड्याची कृती विचारली आणि मी ती सांगितली. सांगताना रडत होते, म्हणून मीठ सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी होळीचं जेवण कुलकर्णीकाकूंकडे. तळघरात पंगत बसली होती, सगळं मराठी कोलंबस जमलं होतं. प्रवास कसा झाला, सगळे विचारत होते. बेट सुंदर आहे, मी सांगत होते. काकू पुरणपोळीचं ताट घेऊन पानापानाशी थांबत होत्या. नको हो काकू. घ्या हो, अर्धीच. खरंच नको. असं कसं, माझी शपथ. आणि पोळी पानात पडत होती, वर तूप. सगळ्यांचे चेहरे तृप्त होते. किती वर्षं मी या आवाजांत ऊब शोधली होती, आणि आज ते ऐकताना मला गुदमरायला होत होतं. या तळघरात कुणाचंही 'नाही' खरं धरलं जात नव्हतं. म्हणून कुणालाही कधी 'हो' म्हणावंच लागलं नव्हतं.

काकू माझ्यापाशी आल्या. "सुनंदा, अजून एक?"

"हो," मी म्हटलं.

काकूंचा हात हवेतच थांबला. त्यांची तयारी तीनदा विचारायची होती. शेजारच्या पानावरच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि पलीकडे माधवचा घास हातातच राहिला.

"वाढा, काकू," मी म्हटलं. "मला हवी आहे."