आवाज न घालता

माझे मेहुणे, आमचे दाजी, बोलताना पुष्कळदा आवाज घालायला विसरायचे. ओठ हलायचे, भुवया वर जायच्या, हाताची बोटं काहीतरी समजावून सांगायची, पण ऐकू काहीच यायचं नाही. नवख्या माणसाला वाटायचं, आपलेच कान गेले की काय. मग स्वयंपाकघराच्या दारातून माझी मोठी बहीण, आक्का, म्हणायची, "अहो, आवाज!" दाजी चपापून घसा साफ करायचे आणि तेच वाक्य पुन्हा, आवाजासकट, म्हणायचे.

ते अमळनेरजवळच्या खेड्यातून सुरतला आले आणि तिथल्या बमरोली भागातल्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. पुढे जॉबर झाले. बिघडलेला लूम सुधारून पुन्हा चालता करून द्यायचा, हे जॉबरचं काम. शंभराच्या वर लूम एका छपराखाली एकदम चालतात तिथे ओरडून उपयोग नसतो. म्हणून तिथली माणसं ओरडतच नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. चहा सांगायचा, धागा तुटला म्हणायचं, शेठला शिवी द्यायची, सगळं तसंच. एवढी वर्षं त्यात काढल्यावर दाजींचे कान जवळजवळ गेले. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. कोणी पाठमोरं बोलू लागलं की आपल्या अहिराणीत म्हणायचे, "तोंड दखाड, मंग बोल." तोंड दाखव, मग बोल. आमच्या घरी लहान मुलांनासुद्धा हे वाक्य पाठ होतं.

दुसरी सवय हाताची. कुठेही गेले की तिथल्या वस्तूवर तळहात टेकवायचे. बसच्या पत्र्यावर, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, माझ्या नव्या फ्रिजवर. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे. "चालू शे." किंवा, "भाऊ, याना एक पाय अधर शे." फ्रिजचा एक पाय खरंच अधांतरी होता. मी पुठ्ठ्याची घडी सरकवली तेव्हा त्यांनी पुन्हा हात ठेवून पाहिला आणि मगच चहाला बसले.

नवरा-बायको जेवायला बसले की घरात शांतता असायची. पाहणाऱ्याला वाटावं, भांडण झालंय. पण नीट पाहिलं तर दोघांचेही ओठ चालू असायचे. आक्का लग्न होऊन आली तेव्हाच हे शिकली. भाड्याच्या एका खोलीत सासू-सासरे, दीर असे सगळे राहायचे, तिथे नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर दुसरा मार्ग नव्हता. त्यांचा मुलगा कैलास लहानपणी चिडवायचा, "आई-बाबांचा मूक सिनेमा सुरू झाला." आम्ही बाकीचे मात्र दाजींशी ओरडूनच बोलायचो. ते ओरडणं त्यांना ऐकू येत नव्हतं, आमचा चेहरा समोर असतो म्हणून समजतं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापुढचा विचार आम्ही कधी केला नव्हता. शिवाय ते वर्तमानपत्र जाड चष्म्याशिवाय वाचू शकत नसत. त्यामुळे डोळे अधू, असा आमचा समज. चष्मा फक्त जवळचा होता. लांबचं त्यांना लख्ख दिसायचं. चार लूमपलीकडच्या कारागिराचे ओठ वाचणाऱ्याला ते दिसणारच.

कैलास सुताच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीचं काम पाहायचा. सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतर चार-पाच वर्षांनी सूत बनवणाऱ्या एका कंपनीने व्यापाऱ्यांसाठी योजना काढली. जो जास्त माल विकेल त्याला सिंगापूर आणि तिथून मोठ्या जहाजावर तीन रात्रींची सफर. शेठने आपल्या वाट्याच्या चार जागा कैलासला देऊन टाकल्या, कारण माल त्यानेच विकला होता. कैलासची बायको बाळंतपणाला माहेरी, नवापूरला गेली होती. म्हणून चौथी जागा माझ्याकडे आली. "मामा, तुम्ही चला. पासपोर्ट, व्हिसा, सामानाचं वजन, सगळं तुम्ही बघा. मला नाही जमायचं," कैलास म्हणाला. मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या ऑफिसात आयुष्यभर हिशेब पाहिलेले. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तो जाणून होता.

निघायला पंधरा दिवस असताना दाजींचं पोट दुखू लागलं. कैलास आणि मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं, आम्हा दोघांना आत बोलावलं आणि सांगितलं की कॅन्सर यकृतात पसरला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, हातात काही महिने आहेत. मी ते रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. आकडे तेच, उत्तर तेच. सहलीला न्यायला मात्र दोघांचीही हरकत नव्हती. "आत्ता चालते-फिरते आहेत, नेऊन आणा," असं दोघंही म्हणाले.

कैलास आणि मी ठरवलं की आधी सहल होऊ द्यायची. परत आल्यावर दोघांनाही समजावून सांगायचं. तोवर आक्काला काही कळता कामा नये, कारण तिचा चेहरा पाहून दाजींना कळलं असतं. दाजींना ओरडून सांगितलं, "पोटात सूज आहे, गोळ्यांनी उतरेल!" ते माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं."

जहाज एवढं मोठं होतं की धक्क्यावरून त्याचं दुसरं टोक दिसेना. आमच्याबरोबर सुरतचे बरेच व्यापारी, त्यांच्या बायका-मुलं, आणि प्रत्येकाकडे खाखऱ्याचे डबे. आक्काने दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. तो वास आमच्या मजल्यावरच्या बोळात पसरला आणि पहिल्याच संध्याकाळी दोन गुजराती कुटुंबं विचारत आली. दाजींनी जिना, कठडा, खोलीची भिंत, सगळीकडे तळहात लावून पाहिला. खोलीच्या भिंतीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "चालू शे," म्हणाले. "इतलं मोठं, पन एकसारखं चालू शे." निवृत्त झाल्यापासून त्यांना झोप लागत नसे. खाट हलत नाही, थरथरत नाही, म्हणायचे. जहाजावर मात्र ते गाढ झोपले.

जेवणाच्या टेबलावर हसमुखभाई नावाचे एक थट्टेखोर व्यापारी होते. जॉबरला सुरतेत मास्तर म्हणतात, तसं त्यांनी विचारलं, "मास्तर, आमां केटला लूम आवे?" यात किती लूम मावतील? दाजींनी छताकडे, झुंबरांकडे, नाचणाऱ्या लोकांकडे पाहिलं. "यंत्र खाली शे, शेठ. वर सम्दी किनार शे." हसमुखभाई एवढे हसले की त्यांनी आक्काने दिलेल्या दशमीचा अर्धा तुकडा दाजींच्या ताटात परत ठेवला आणि म्हणाले, "लो, मजुरी!" दाजींनी तो खाल्ला नाही. चार घासांच्या वर त्यांना काही जातच नव्हतं. आक्का म्हणाली, "बोटीमुळे मळमळत असेल." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या डेकवर पोहण्याच्या तलावाजवळ बँड वाजत होता. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळेना. आक्का खाली खोलीत आडवी झाली होती. दाजी तलावाच्या पलीकडे खुर्चीत बसून पोरांच्या उड्या पाहत होते. कैलास आणि मी अलीकडे. कैलासचा धीर सुटला. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "मामा, डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं सांगितलंय. बाळाचं तोंड तरी बघतील ना?" मी म्हणालो, "बाळ दसऱ्याच्या आत होईल. मी हिशेब केलाय. बघतील." तो म्हणाला, "आईला कोण सांगणार?" मी म्हणालो, "घरी गेल्यावर मी सांगेन. कॅन्सर हा शब्द तू काढू नकोस." कैलासने डोळे पुसले. मी पलीकडे पाहिलं. दाजी आमच्याचकडे पाहत होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला. मला वाटलं, मजा चालली आहे असं म्हणत आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कठड्याजवळ उभा होतो. दाजी येऊन शेजारी उभे राहिले, कठड्यावर तळहात टेकवला. समुद्र सपाट होता. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले आणि या वेळी आवाज न विसरता, अगदी हळू म्हणाले, "भाऊ, आतेपासून बोलशी ना, तोंडवर हात धरत जाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तलावापलीकडून हललेला त्यांचा हात आठवला. मी बोलायला तोंड उघडलं आणि नकळत त्यावर हात धरला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एखादं यंत्र चालू आहे की बंद पडलंय ते पाहावं, तसा.

"कैलासनी मायले सांगू नको," ते आक्काबद्दल म्हणाले. "तिना जीव रमना शे आठे. तिने कधी काय पाह्यं? आनि पोऱ्याले म्हनू नको का माले समजनं. त्याले वाटू दे, बाप मजामा शे."

"दाजी, डॉक्टर चुकूही शकतात," मी म्हणालो.

"तू दोनदा इचारं ना?"

"हो."

"मंग?" ते म्हणाले, आणि समुद्राकडे वळले.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दोघांचे फोटो काढले. कैलासचा कॅमेरा होता, रिळात शेवटचे दोन फोटो उरले होते. दाजी आणि आक्का डेकवरच्या खुर्च्यांवर एकमेकांकडे तोंड करून बसले होते. मी पहिला फोटो न सांगताच घेतला. मग हाक मारून हात हलवला, "इकडे बघा!" दोघं वळले. आक्काने पदर सारखा केला. दुसरा फोटो तसा आला, समोर पाहत असलेला.

घरी आल्यावर मी दाजींना दिलेला शब्द पाळला. आक्काला मी काहीच सांगितलं नाही. कैलासला म्हणालो, जेवढे दिवस टळतं तेवढं टळू दे. तो बिचारा बापासमोर हसत राहायचा आणि माझ्या घरी येऊन रडायचा. दाजी दर दोन दिवसांनी त्याला विचारायचे, "सूज उतरी राहिनी ना?" तो ओरडून सांगायचा, "हो बाबा, उतरतेय!" दाजी म्हणायचे, "बरं." आक्का मुगाची पातळ खिचडी करून भरवायची आणि म्हणायची, बोटीवरचं पाणी बाधलं. मला एकट्याला दोन्हीकडचं माहीत होतं, अशी माझी समजूत होती. ते ओझं मी वाहत होतो. तपासून पाहिलेला हिशेब बरोबर असावा, तसं मला ते वाटत होतं.

दसऱ्याच्या आधी मुलगी झाली. नवापूरहून तिला आणलं तेव्हा दाजी अंथरुणाला खिळले होते. त्यांनी तिच्या छातीवर तळहात टेकवला. एवढीशी छाती, हात जरा मोठाच. ते काही म्हणाले, आवाज नव्हता. आक्काने या वेळी "अहो, आवाज" म्हटलं नाही. काय म्हणाले ते आम्हा सगळ्यांनाच समजलं. दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

तेराव्यासाठी फोटो मोठा करायचा होता. दाजींचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. कैलासने जहाजावरचे ते दोन फोटो काढले. "दुसरा चांगला आहे, समोर बघतायत. स्टुडिओवाला आईला बाजूला काढून देईल," तो म्हणाला.

"तो दे," आक्का म्हणाली. "पहिला माझ्याजवळ राहू दे."

"त्यात तर चेहरा अर्धाच दिसतोय, आई."

"त्यात ते बोलताहेत."

मी विचारलं, "काय बोलत होते, आक्का?"

तिने फोटो हातात घेतला. आधी माझ्याकडे आणि मग कैलासकडे पाहत ती म्हणाली, "म्हणत होते, मला कॅन्सर शे. सकाळी भाऊला म्हटलं तुला सांगू नको, पण दिवसभर तुझ्यासमोर बसवेना. मी विचारलं, पोराला माहीत आहे? म्हणाले, त्याला सगळं माहीत शे. पण आपल्याला माहीत शे ते त्याला कळू देऊ नको. पोराने इतकी हौस केली, ती मोडू नको. मग तू हाक मारलीस, भाऊ, इकडे बघा म्हणून. आम्ही बघितलं."

कैलास भिंतीला टेकून खाली बसला. त्या डेकवर मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. बँड तेव्हा थांबलेला होता. माझे कान चांगले आहेत.

मोठा केलेला फोटो बैठकीच्या खोलीत हार घालून लावला आहे. पहिला फोटो आक्काच्या उशाशी असतो. दुपारी कामं आटोपली की ती तो समोर धरून बसते. तिचे ओठ हलत असतात. मी कधी गेलो असलो तर खिडकीकडे तोंड करून बसतो. मला आता थोडंथोडं वाचता येतं.