कुंकू लावलेला चाकू

चाकूकाकांनी आयुष्यात कधी कुणाच्या हातात चाकू दिला नाही. मागितला की ते पँटच्या उजव्या खिशातून तो काढायचे, पातं उघडायचे, समोरच्या टेबलावर ठेवायचे आणि हात मागे घेऊन म्हणायचे, "उचल." टेबल नसेल तर गाडीच्या बॉनेटवर, नाहीतर पायरीवर. सुरी हातात दिली की भांडण होतं, असं माझी आईही म्हणायची, त्यामुळे मला वाटायचं की टेक्ससमध्ये चाळीस वर्षं काढूनही काकांचं हे सुटलेलं दिसत नाही. एकदा विचारलं तर हसले. "भांडणाचं मला माहीत नाही. पण एका पात्यावर दोन माणसांचे हात नकोत. आधी एकाने सोडावा, मग दुसऱ्याने घ्यावा. आणि हे सगळ्यांना दिसावं."

प्लेनोतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेचे ते सगळं काही होते. शाळा म्हणजे एका चर्चकडून दर रविवारी मिळणाऱ्या दोन खोल्या. मी तिथली मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या आवाजाची बाई. काका आमच्या आधी येऊन कुलूप उघडायचे, चहा टाकायचे, पुस्तकांची खोकी फोडायचे, संत्री सोलायचे, कुणाच्या फ्रॉकचा लोंबणारा दोरा कापायचे. ही सगळी कामं तो एकच चाकू करायचा. दोन पात्यांचा, पिवळट मुठीचा, धार लावून लावून मोठं पातं अर्धं झालेला. मुलांनी त्यांना चाकूकाका म्हणायला सुरुवात केली आणि पुढे ते नाव पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही गेलं. त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

काका मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात शिकायला म्हणून टेक्ससमधल्या एका छोट्या गावी आले. घरून आलेलं लोणच्याचं पार्सल दातांनी सोडत बसले असताना म्हाताऱ्या घरमालकाने पाहिलं. तो आत गेला, हा चाकू घेऊन आला आणि म्हणाला, "पोरा, दात दोनदाच येतात." काका ही गोष्ट दर वर्षी एकदा तरी सांगायचे आणि दर वर्षी घरमालकाच्या टोपीचा आकार वाढायचा. पुढे ते पुलांचे नकाशे काढायच्या नोकरीत लागले, तिथे पेन्सिलींना लांब टोक काढायलाही हाच.

तेव्हा इथे चाकू खिशात असणं म्हणजे रुमाल असण्यासारखं होतं, असं ते सांगायचे. हायस्कूलची पोरं वर्गात चाकू घेऊन यायची आणि खोकं उघडायचं असलं की मास्तर पोरांकडेच मागायचे. मला यात काही नवल वाटायचं नाही. नाशिकला आमच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचंच. चित्रकलेच्या बाईंनी "ब्लेड कुणाकडे आहे?" म्हटलं की दहा हात वर व्हायचे. आज माझ्या भाच्याच्या दप्तरात तसं ब्लेड सापडलं तर नाशिकलाही आईवडिलांना बोलावतील.

विमानातसुद्धा काका पूर्वी सफरचंद कापून शेजाऱ्याला फोड द्यायचे. मग न्यूयॉर्कचे टॉवर पडले आणि विमानतळावर सगळंच बदललं. काकांना बॅग चेक-इन करायचा भारी कंटाळा, त्यामुळे त्यांनी एक युक्ती काढली. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक जाड पाकीट कायम जवळ ठेवायचे. विमानतळावर पोहोचले की चाकू त्यात घालून टपालपेटीत टाकायचा. काका घरी परत येईपर्यंत चाकू आधीच येऊन बसलेला असायचा. काकू म्हणायच्या, "हा यांच्यापेक्षा शहाणा, वेळेवर घरी येतो."

माझी सई आठ वर्षांची असताना त्यांनी तिला पेन्सिल तासायला शिकवलं. चर्चच्या मागच्या बाकावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. शार्पनर नावाची वस्तू जगात आहे, असं मी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटलेही होते. काका तिला सांगत होते, "सईबाई, पातं नेहमी आपल्यापासून लांब जाऊ द्यायचं. आणि चाकू लपवायचा नाही. टेबलावर असतो तोवर तो चाकू असतो. लपवला की त्याचं हत्यार होतं." सईने मान डोलावली. मला वाटलं, एका कानाने ऐकलं असेल आणि दुसऱ्याने सोडलं असेल.

त्यानंतरच्या वर्षीचा दसरा. इथे दसरा तिथीला येत नाही, जवळच्या रविवारी येतो. आम्ही पाटावर सगळ्यांची अवजारं मांडली. मुलांच्या पेन्सिली, कुणाचा लॅपटॉप, एका मावशींचा स्टेथोस्कोप आणि मधोमध काकांचा चाकू, पातं उघडं. सईनेच त्याला हळदकुंकू लावलं, आणि भरपूर लावलं. पूजा झाली, चर्चला खोल्या वेळेत परत द्यायच्या होत्या, म्हणून मी भराभर आवराआवर केली. संध्याकाळी काकांचा फोन. "अगं, माझा चाकू पाटावर राहिला का?" मी म्हटलं, "असेल काका फुलांच्या पिशवीत, उद्या बघते." तो फुलांच्या पिशवीत नव्हता. घाईत मी पाटावरचं फडकं गुंडाळून समोर दिसलेल्या पिशवीत कोंबलं होतं, आणि ती सईची डब्याची पिशवी होती. सोमवारी सकाळी मी त्याच पिशवीत, खाली न बघता, डबा ठेवला.

दुपारी सईच्या रोजच्या शाळेतून फोन आला. तुमच्या मुलीच्या पिशवीत चाकू सापडलाय, आणि त्याला काहीतरी लाल लागलंय.

नवरा कामासाठी सिॲटलला. मी काकांना फोन केला, आणि माझ्या आधी त्यांची गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये उभी होती. दसऱ्याला घातलेलाच कोट घालून आले होते. ऑफिसबाहेरच्या खुर्चीत सई बसली होती, चेहरा पांढराफटक. तिने डबा काढताना फडकं उलगडलं, चाकू दिसला, तर तो मिटवून टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि टीचरला हाक मारली.

"आय डिड व्हॉट चाकूकाका सेज," ती म्हणाली.

आणि मी, मराठी शाळेची मुख्याध्यापिका, सुविचार लिहून घेणारी बाई, तिच्यावर दबक्या आवाजात ओरडले, "अगं, गुपचूप पिशवीची चेन लावून घरी आणता आला नसता का? कुणाला कळलं असतं?"

काका शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी सईच्या डोक्यावर हात ठेवला.

आत असिस्टंट प्रिन्सिपल बाईंनी नियम वाचून दाखवला. काही दिवस शाळेतून बाहेर आणि नोंद कायमची. सईची शिक्षिका तरुण होती, तिचे डोळे रडून सुजले होते. मी फोनवर पूजेचे फोटो दाखवत सुटले. दिस इज कुंकू, दिस इज दसरा, वुई वर्शिप अवर टूल्स. जितकं समजावत होते तितकं ते भयंकर वाटत होतं. मला वाटलं, आता काका घरमालकाची गोष्ट काढणार, आमच्या काळी सगळ्यांकडे चाकू असायचा म्हणणार आणि आम्ही पुरते बुडणार.

काकांनी शिक्षिकेला एवढंच विचारलं, "तिने तो कुठे ठेवला होता?"

"टेबलावर. आणि मला बोलावलं."

"कुणाला दाखवला? कुणाला घाबरवलं?"

"नाही."

"मग तुमच्या नियमाला जे हवं आहे ते या खोलीतल्या माणसांपैकी तिने एकटीनेच केलंय," काका शांतपणे म्हणाले. "नियम बरोबर आहे. मी तो मोडा म्हणत नाही. चाकू माझा आहे, तो विसरलो मी. चूक मोठ्या माणसांची आहे. पण आज खरं बोलल्याबद्दल तिला शिक्षा झाली तर पुढच्या वेळी ही मुलं चेन लावतील."

'चेन' हा शब्द ऐकून मी मान खाली घातली. माझी चूकही त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती.

बाईंनी नियमाचा कागद बाजूला ठेवला. मग सईला एक दिवस घरी ठेवायला सांगितलं, नोंद नाही. चाकू प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकांना दिला.

पार्किंगमध्ये त्यांनी रुमालाने कुंकू पुसलं. "चाळीस वर्षांत या चाकूने कुणाला ओरखडा काढला नाही," ते म्हणाले. "आज एका पोरीला रडवलं. ती टीचर, अगं, पंचविशीची असेल. शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर म्हणून दार लावून, दिवे बंद करून पोरांना कोपऱ्यात बसवायची ड्रिल घेते ती. तिला यात पेन्सिल कशी दिसणार?"

पुढच्या रविवारी पुस्तकांचं खोकं आलं. काकांचा हात सवयीने खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. "कात्री आण गं," ते म्हणाले. चाकू तेव्हापासून त्यांच्या घरात फळांच्या टोपलीशेजारी राहिला. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. मला मात्र तो रिकामा हात बघवत नव्हता. मी माफी मागायचं ठरवायचे आणि दर वेळी चहाचं विचारून वेळ मारून न्यायचे.

काकू गेल्यावर काका मुलीकडे बेलव्ह्यूला राहायला निघाले. विमानतळावर जायच्या सकाळी आमच्याकडे पोहे खायला आले. पोहे झाल्यावर त्यांनी खिशातून चाकू काढला, उघडला, आमच्या डायनिंग टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

"सईबाई, उचल."

"काका, तुमचं ते टपालाचं पाकीट?" मी विचारलं.

"यावेळी नाही आणलं."

सामानाचा ट्रक आदल्या आठवड्यात गेला होता, त्यातूनही तो सहज गेला असता. त्यांनी तो मुद्दाम मागे ठेवला होता. मला रडू आवरेना. तेव्हा कुठे म्हटलं, "काका, त्या दिवशी मी सईला जे बोलले ना..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "मला काय सांगतेस? जिला बोललीस तिला सांग."

गेल्या हिवाळ्यात काका बेलव्ह्यूलाच वारले. आणि या ऑगस्टमध्ये सई कॉलेजला निघाली. शेवटची बॅग गाडीत ठेवून ती परत आत आली. आमच्याकडेही फळांच्या टोपलीशेजारीच ठेवलेला चाकू तिने घेतला, उघडला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"डॉर्ममध्ये अलाउड नाहीये, आई. आय चेक्ड." आणि तिने दोन्ही हात मागे घेतले. "उचल."

मी चाकूला हात लावला नाही. आधी म्हटलं, "सई, तू चौथीत होतीस तेव्हा मी तुला चेन लावायला हवी होती म्हणाले. ते चुकलं माझं. तू बरोबर होतीस."

"आय नो, आई," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."

मग मी चाकू उचलला.