चारही पाय उजवे

माझ्या साडभाऊने आजवर जितक्या मेलेल्या जनावरांची पोटं चाचपली असतील, तितकी जिवंत माणसांची पोटं गोंदियातल्या एखाद्या डॉक्टरनेही चाचपली नसतील, हे मी पैजेवर सांगतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. तो मला साडभाऊ म्हणतो, मी त्याला साडभाऊ म्हणतो, आणि नावं दोघंही विसरून गेलो आहोत. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याने परिचर म्हणून सगळी नोकरी काढली. रस्त्याच्या कडेला कुत्रं, मांजर, मुंगूस, खार, काहीही मरून पडलेलं दिसलं की त्याची स्कूटर आपोआप थांबते. मागे बायको नव्या साडीत बसलेली असो की मांडीवर गुलाबजामचा डबा असो. तो उतरतो, डिकीतून हातमोजे काढतो, उकिडवा बसतो आणि मेलेल्याच्या पोटावरून हलकेच बोटं फिरवतो. मादी असली तर तिची आचळं एकेक करून दाबून पाहतो. कामठ्याला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जाताना आम्ही तीनदा थांबलो होतो. तिसऱ्यांदा ताई, म्हणजे त्याची बायको, स्कूटरवरून उतरून चालायलाच लागली. साडभाऊ तिथूनच तिला ओरडून नाही, अगदी समजुतीने म्हणाला, "थांब ना वो. जितकी आचळं ओली, तितकी पोरं कुठंतरी वाट पाहून राहिली असतात." त्या दिवशी एका मेलेल्या कुत्रीच्या हिशेबाने दोन पिल्लं नालीत सापडली आणि साक्षगंधात वधूच्या शेजारच्या खुर्चीवर बसून दूध प्याली.

हे वेड त्याला एका बरणीने लावलं. त्याच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या कपाटात एक जुनी काचेची बरणी होती. तिच्यात मांजराएवढं, टोकदार तोंडाचं, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचं एक जनावर कुणा जुन्या प्राध्यापकाच्या काळापासून उभं तरंगतं आहे. चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'डॅसियुरस, मादी, पिलांसह.' ऑस्ट्रेलियातलं जनावर. कांगारूसारखी पोटाला पिशवी, पण गवत खाणारं नव्हे, शिकार करून मांस खाणारं. पिशवीची कड मागे ओढून टाचणीने अडकवलेली आहे आणि आत आचळांना शेंगदाण्याएवढी पाच पिलं लटकलेली आहेत. साडभाऊ तिला 'बाई' म्हणतो. वर्षातून एकदा तो बाईचं पाणी बदलायचा. मी एकदा पाहिलं आहे. नवं द्रव ओतलं की ती पाचही पिलं क्षणभर हलतात, चोखत असल्यासारखी. मी दारापर्यंत मागे आलो होतो. साडभाऊ मात्र घरी पाहुणे आल्यासारखा हसत होता.

दर नव्या प्राध्यापकाला विचारून आणि पुढे मोबाइलवर पाहून त्याने बाईच्या अख्ख्या भावकीची माहिती गोळा केली. तुमसरच्या नातेवाइकांची करावी तशी. बाईला तीसपर्यंत पोरं होतात आणि आचळं असतात सहा. जी आधी पोहोचली ती जगली, बाकीची गेली. बाईची जात मोठ्या भूमीवरून संपली, कोल्ह्यांनी आणि माणसाने नेलेल्या मांजरांनी संपवली, खाली एका बेटावर तेवढी उरली, आणि आता कुंपणं घालून तिला पुन्हा माघारी वसवत आहेत. तिकडे रस्त्यावर असं जनावर मेलेलं दिसलं की भले लोक गाडी थांबवून आधी पिशवी तपासतात, आई मेली तरी आत पोर जिवंत असतं म्हणून. तिथून साडभाऊने हे उचललं. आपल्या जनावरांना पिशवी नसते हे त्याला काय कळत नव्हतं? पण तो म्हणायचा, पिशवी नसली तरी दूध असतेच ना. ताईकडून त्याने लोकरीची एक पिशवीही विणून घेतली होती, अनाथ पिलं ऊबेत ठेवायला. ती कायम डिकीत. बाईच्या उत्तरेकडच्या भावकीत नर पहिल्याच हंगामात माद्यांमागे धावून धावून झिजतो आणि मरतो, ही माहिती त्याने आमच्या पुतण्याच्या लग्नात, मांडवात, नवरदेवाच्या कानात सांगितली. नवरदेवाचा चेहरा सगळ्या फोटोंत तसाच आला आहे.

त्याच भावकीची आणखी एक गोष्ट तो पोथी सांगावी तशी सांगायचा. तिकडे बाहेरून आणलेले विषारी बेडूक माजले. ही जनावरं ते खायची आणि मरायची. तेव्हा शास्त्रज्ञांनी बेडकाच्या मांसात मळमळीचं औषध घालून त्यांना चारलं. एकदा पोट ढवळून निघालं की जनावर त्या वासाच्या वाटेला जात नाही. "मारायचं कायले?" साडभाऊ म्हणायचा. "शिकवायचं. जनावर शिकते. माणसाचं तेवढं सांगता येत नाही."

ते शिकवणं माझ्या दारात आलं, आणि ते सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे. इतकी वर्षं घरात कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

दवनीवाड्याला आमची धानाची शेती आहे आणि शेतात एक बोडी, म्हणजे लहान तलाव, पणज्याने बांधलेली. तिच्या पाळीत पाणी सोडायची दगडी मोरी आहे, तिला आम्ही तुडुम म्हणतो. पाळीला लागूनच मी शेड घालून कडकनाथ कोंबड्या पाळल्या होत्या. काळ्या कुळकुळीत, मोठ्या हौसेने आणलेल्या. एक जवादी मांजर त्यांच्या मागे लागलं. लांबट अंगाचं, ठिपक्यांचं, उग्र कस्तुरीच्या वासाचं. साडभाऊने पहिल्यांदा तिला अंधुक उजेडात पाळीवरून जाताना पाहिलं आणि माझा दंडच धरला. बाईची इकडली बहीण, म्हणाला. ठिपके पाहा. रविवारी येताना त्याने कोंबडीच्या खिम्यात कसलीशी ओकारीची पावडर घालून सात गोळे करून आणले. रोज सांजेला एक तुडुमापाशी ठेवायचा, एवढं माझं काम. तो परत गोंदियाला गेला.

दोन दिवस मी इमानाने गोळे ठेवले. दुसऱ्या दिवशी खुडूक बसलेली माझी सगळ्यात चांगली कोंबडी गेली. अंडी थंड पडली होती. तिसऱ्या सांजेला मी गोळा हातात घेतला, आणि धानावरच्या किडीचं दाणेदार औषध कोठीत होतं. एवढंच सांगतो. बोटाने गोळ्याला खड्डा पाडला, भरला, पुन्हा वळला. तुडुमापाशी नेऊन ठेवला.

सकाळी ती पाण्याच्या काठाला पडली होती, तोंड पाण्यात. मी फावडं घेऊन गेलो होतो. पण मी वाकलो आणि माझे हात आपोआप तिच्या पोटाकडे गेले. साडभाऊची इतक्या वर्षांची संगत. एक, दोन, तीन, चार. चार आचळं ओली. दूध बोटाला लागलं, कोमट होतं.

फोन खिशात होता. लावला असता तर तो तासाभरात लोकरीची पिशवी घेऊन आला असता. मी लावला नाही. काय सांगणार होतो? पाळीच्या पायथ्याशी खड्डा करून तिला पुरलं. त्या दुपारपासून तुडुमातून आवाज यायला लागला. बारीक, रबराचं चाक घासल्यासारखा. दुसऱ्या दिवशीही. मी पाण्याची मोटर चालू करून ठेवली. शेजारचा बांधावर येऊन उभा राहिला. "काऊन गा, बांध्या भरून वाहून राहिल्या अन् मोटर कायले चालवतेस? मासोळ्या पाळून राहिला का धानात?" मी हसलो. तिसऱ्या दिवशी मोटर बंद केली तेव्हा तुडुमातून काहीच ऐकू येत नव्हतं. कोंबड्या मात्र त्या सांजेपासून लवकर दांडीवर बसेनात. सगळ्या काळ्या कोंबड्या तुडुमाकडे तोंड करून, मान न हलवता उभ्या राहायच्या. शेजाऱ्यांचा दिवा लागला तरी.

रविवारी साडभाऊ आला. मांजर येतच नाही म्हणालो. तो माझ्याकडे जरासा जास्तच वेळ पाहत राहिला, मग एकटाच पाळीवर फिरून आला. बराच वेळ लागला त्याला. परत आला तेव्हा म्हणाला, "म्हणजे शिकली." जेवला, आमच्याकडच्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवली आणि गेला. पुढच्या आठवड्यापासून त्याने गावोगाव सांगायला सुरुवात केली. दवनीवाड्याला आमच्या साडभाऊकडे जाऊन पाहा, विष नको, मारणं नको, जनावर शिकलं. लोक खरोखरच पाहायला यायचे. मी शेड दाखवायचो. हातात चहाची कपबशी द्यायचो. कितीतरी लोकांनी त्यामुळे विष घालायचं सोडलं, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तोंड उघडणं दर वर्षी आणखी कठीण होत गेलं.

साडभाऊ दर रविवारी यायचा आणि पाळीवर चुलीतली राख चाळून पसरायचा. शिकलेली मांजर जिवंत आहे याचा पुरावा म्हणून पाय उमटायला हवे होते. उमटत नव्हते. आठवड्यामागून आठवडे तो कोऱ्या राखेकडे पाहत उकिडवा बसायचा. मला ते पाहवेना. एका रविवारी तो यायच्या आधी मी बोटं जुळवून राखेत पाय उठवले. तो आला, स्टीलची पट्टी लावून मोजले, वहीत लिहिले, खूश झाला. मग माझी ती सवयच झाली. चार-पाच वर्षं मी एका मेलेल्या मांजराला दर रविवारी पाळीवरून चालवत होतो. घरी येऊन हात धुवायचो, आणि कितीही साबण लावला तरी बोटांना कस्तुरीचा वास यायचा. बायको म्हणायची, मला तर कसलाच येत नाही.

एका रविवारी मला उठायला उशीर झाला. धावत पाळीवर गेलो तर राखेत पाय होते. मी काढलेले नव्हते. लहान होते, तुडुमातून निघून पाण्यापर्यंत गेलेले, आणि परतीचे नव्हते. मी ते तसेच राहू दिले. त्या दिवशी साडभाऊने मोजमाप घ्यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लावला.

मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. कपाटं रिकामी करायला मला बोलावलं. दुपार होती. बाईची बरणी दोघांनी धरून खाली उतरवली आणि तिच्यामागे मला दुसरी, लहान बरणी दिसली. आत तीन पिलं होती, डोळे मिटलेली, अंगावर ठिपक्यांच्या ओळी. चिठ्ठीवर साडभाऊचं वळणदार अक्षर होतं. 'दवनीवाडा. तुडुम. भुकेने.'

मी खाली फरशीवर बसलो. तो माझ्या शेजारी बसला, गुडघे धरून, कण्हत.

"तुमाले माहीत होतं," मी म्हणालो.

"पहिल्याच रविवारी. माती ताजी होती ना पाळीची. अन् वास. उकरलं, पाहिलं, पुन्हा झाकलं."

"मग बोलले काऊन नाही?"

तो बाईच्या बरणीवरची धूळ सदऱ्याने पुसत राहिला. "बोललो असतो तर तुमी सांगितलं असतं, हो, मी विष घातलं. लोकांनी म्हटलं असतं, यांचा गोळा काही कामाचा नाही, विषच कामाचं. मग अजून दहा मेल्या असत्या." मग म्हणाला, "अन् तुमच्याकडे जेवाले यायचं मले बंद करायचं नव्हतं."

मी राखेतल्या पायांचं कबूल केलं. तो हसला, आयुष्यभर हसायचा तसा, पाहुणे आल्यासारखा. "ते तर पहिल्याच दिवशी समजलं. तुमचं मांजर चारही पाय उजवेच टाकते, साडभाऊ."

"पण एकदा," मी म्हणालो.

"एकदा," तो म्हणाला. "ते मी वेगळ्या पानावर लिहिलं." मग बोटाने लहान बरणीवर टकटक केलं. "आईची ओली आचळं किती होती? मोजली होती ना तुमी? मी शिकवलेला माणूस, मोजल्याशिवाय राहिला नसणार."

"चार."

"बरणीत तीन आहेत," तो म्हणाला.

त्यानंतर वर्ष गेलं. त्याचे गुडघे आता पाळ चढू देत नाहीत. राख मी पसरतो आणि खरं सांगतो. दर रविवारी तो फोन करून विचारतो, पाय आहेत का, आणि मी म्हणतो, नाहीत. तो बरं म्हणतो आणि वांग्याच्या भाजीची चौकशी करतो. ही लोकरीची पिशवी अजून कायले डिकीत घालून फिरता, असं ताईने त्याला विचारलं, तर म्हणे त्याने ती काढून उन्हात झटकली आणि पुन्हा डिकीत ठेवली.

आज रविवार नाही. सकाळी शेड उघडलं तर एक कोंबडी कमी होती. जाळीला पिसं होती आणि तो वास होता. या वेळी बायकोलाही आला. मी पाळीवर गेलो, राखेकडे पाहिलं आणि तिथूनच फोन लावला. एक कमी आहे, एवढंच म्हणालो. पलीकडे किल्ल्या वाजल्या. मग आवाज आला, "हात लावू नका. येऊन राहिलो."

"गुडघे?"

"गुडघ्याचं राहू द्या."

स्कूटरला गोंदियाहून यायला तास लागतो. शेड मी उघडंच ठेवलं आहे. तुडुमापासून पाण्यापर्यंत गेलेल्या आणि या वेळी परत आलेल्या पायांच्या रांगेशेजारी मी बसलो आहे, दोन्ही हात मांडीखाली घालून, तो येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत.