नावाचं कडवं

शिवा मांडवकराच्या पिकअपच्या काचेवर ना गणपती होता, ना साईबाबा, ना आईवडिलांची कृपा. पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत एकच शब्द होता, 'जांभा'. पावस गावच्या नाक्यावर एखादा परका माणूस हटकून विचारायचा, "काय हो, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा धंदा काय तुमचा?" शिवाला हेच पाहिजे असायचं. तो लगेच फोन काढून गाणं लावायचा आणि त्या बिचाऱ्याची एसटी येईपर्यंत त्याला सोडायचा नाही.

जांभा हा रॉक बँड. रत्नागिरीतल्या चार पोरांनी काढलेला, आणि आता पुण्या-मुंबईत त्यांच्या कार्यक्रमाला पाय ठेवायला जागा मिळत नाही म्हणतात. शिवाचं वय त्रेचाळीस. त्यानं जांभाचं नाव छापलेला काळा टीशर्ट मागवला तेव्हा बायको चिमा म्हणाली, "शोभतंय हो. आता कानात डूल तेवढा घाला." त्यानं मनावर घेतलं नाही. हापूसच्या दिवसांत पेट्या, मग गवताचे भारे, मग गणपतीच्या मूर्ती, असं वर्षभर दुसऱ्याचं सामान वाहणाऱ्या माणसाला स्वतःची एक हौस असली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

त्याची दुसरी हौस ढोलकीची, आणि ती जुनी. सोळाव्या वर्षापासून तो धोंडूबुवांच्या जाखडीत वाजवत आला. जाखडी म्हणजे गणपतीत घरोघरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, होणारा नाच. मध्ये बुवा आणि वाजवणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधून पोरं फेर धरतात. गाणी बुवा स्वतः रचायचे, आणि प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं नावाचं. त्यात 'धोंडू म्हणे' येणारच. ते कडवं आलं की बुवा बसल्या जागेवरून उठायचे, हात जोडायचे, उभ्यानंच ते म्हणायचे, आणि मग गाणं संपायचं. गाणं कुणाचं हे सांगायची आमच्याकडं हीच रीत. कागद नाही, शिक्का नाही. दुसऱ्याचं गाणं नाव गाळून म्हणणारा तो चोर, मग त्याचा गळा कितीही गोड असो.

बुवांचं लाडकं गाणं विहिरीचं. तरुणपणी बुवांनी आणि त्यांची बायको गोदा हिनं घरामागच्या कातळात दोन उन्हाळे खपून विहीर खणली. पहार बसून गोदाबाईचं एक बोट कायमचं गेलं. पाणी लागलं त्या दिवशी चिंधी बांधलेल्या त्याच हातानं तिनं वाडीत घरोघर पाणी दिलं. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली. गाणं असं सुरू व्हायचं:

कातळाच्या पोटी सखे पाणी गं निजलं,
पहारीच्या घावानं ते कसं गं उठलं.

आणि नावाचं कडवं होतं:

धोंडू म्हणे गोदे तुझं बोट गं ठेचलं,
त्याच हातानं तू पहिलं पाणी वाटलं.

या कडव्याला बायका डोळ्यांना पदर लावायच्या. शिवाही ढोलकीवर मान खाली घालून बसायचा, कारण त्या विहिरीचं पाणी पिऊनच तो वाढला होता.

दोन वर्षांमागं रत्नागिरीत जांभाचा कार्यक्रम झाला. त्यांचे स्पीकर वाहायचं काम शिवाला मिळालं, आणि बँडचा गाणारा शुभंकर गाडीत त्याच्या शेजारी येऊन बसला. झालं. शिवा हुरळला, आणि हुरळलेला माणूस काय बोलून बसेल याचा नेम नाही. "आमच्या बुवांच्यासारखी गाणी तुमच्याकडं पण नाय दादा," असं त्यानं सांगून टाकलं. आठवड्याच्या आत शुभंकर बुवांच्या पडवीत हजर.

बुवा तयार नव्हते. जाखडीवाला आपली वही परक्यापुढं उघडत नाही. सामन्यात समोरची पार्टी चाल उचलते, म्हणून वही लाल फडक्यात बांधून देवाच्या फळीवर. "पोरगा चांगला असंल," बुवा शिवाला बाजूला घेऊन म्हणाले, "पन मी त्याला वळखत नाय."

"मी वळखतो ना. माज्या शब्दावर द्या."

"तुज्या शब्दावर?"

"माज्या, बुवा."

बुवांनी फडकं सोडलं. अट एकच घातली, नावाचं कडवं गाळायचं नाही. शुभंकर त्यांच्या पाया पडून म्हणाला, "तुमच्या नावाशिवाय हे गाणं उभंच राहणार नाही, बुवा." मग सुनेनं केलेले घावणे खाऊन, सगळं फोनमध्ये भरून घेऊन तो गेला.

या एप्रिलमध्ये गाणं आलं. लग्नाच्या मांडवात, रिक्षात, कॅनिंगच्या कारखान्यात, जिथं तिथं तेच. शिवानं पहिल्यांदा ऐकलं ते पेट्या भरता भरता. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, मग गिटार, मग ढोल, आणि बंद. त्यानं परत लावलं. परत तेच. मनात काहीतरी टोचलं, पण त्यानं ते तिथंच दाबलं. संध्याकाळी बुवांना जाऊन म्हणाला, "फोनवर थोडक्यात असतं. टेजवर पुरं म्हणतात." असं त्याला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. त्याला तसं हवं होतं, एवढंच.

मेच्या शेवटच्या रविवारी जांभा कोल्हापुरात येणार होता. शिवाला नाहीतरी सरत्या हंगामाच्या पेट्या कोल्हापूरच्या बाजारात टाकायच्याच होत्या. त्यानं दोन तिकिटं काढली आणि शुभंकरला कळवलं, बुवांना घेऊन येतोय. उत्तर आलं नाही. मोठ्या माणसांना कामं असतात, असं त्यानं चिमाला सांगितलं.

पहाटे बुवा निघाले ते धुतलेला लेंगा-सदरा, टोपी आणि मांडीवर लाल फडक्यातली वही. "वही कशाला?" शिवानं विचारलं. "कुनी इचारलं तर दाखवाया नको?" बुवा म्हणाले. मागं पेट्या, पुढं ही जोडी, एक काळ्या टीशर्टातला आणि एक टोपीतला. पालीला चहा झाला, साखरप्याला भजी झाली. आंबा घाट चढताना बुवा खालच्या आवाजात तेच गाणं घोळवत होते, आणि शिवा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत होता. सत्तरी ओलांडलेल्या बुवांनी मुंबईसुद्धा दोनदाच बघितली होती. वरच्या वळणावर त्यांनी विचारलं, "शिवा, हजारभर मानूस असंल?"

"हजार काय, पाच हजार असतील."

"पाच हजारांत गोदीचं नाव घेतील?"

"घेतील म्हंजे काय. त्यासाठीच चाललोय ना आपण."

बुवांनी टोपी काढली, झटकली आणि परत नीट घातली. शिवाला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम चोख केलं.

पेट्या उतरवून, तोंडं धुऊन दोघं पाचच्या सुमारास मैदानावर पोचले. पुढं पोरंपोरी उभी, मागं खुर्च्या. शिवानं बुवांना खुर्ची मिळवून दिली आणि स्वतः शेजारी बसला. जांभा स्टेजवर आला तेव्हा शिवा इतका ओरडला की बुवांनी कानावर हात ठेवला. दिवस मावळता मावळता विहिरीचं गाणं लागलं.

पाच हजार माणूस ते तोंडपाठ म्हणत होतं. कोल्हापूरची, सांगलीची पोरं, ज्यांनी कातळ कधी पायानं तुडवला नाही, ती डोळे मिटून 'पाणी गं निजलं' म्हणत होती. बुवांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी शिवाचा हात घट्ट धरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिसरं संपताच बुवांनी शिवाचा हात सोडला, वही बगलेत धरली, खुर्चीवरून उठले आणि हात जोडून उभे राहिले.

गिटार सुरू झाली. ती फोनवरचीच होती, तेवढीच, त्याच जागी. मग ढोल झाले आणि गाणं थांबलं. टाळ्या ओसरल्यावर शुभंकर माईकवर म्हणाला, "हे आमच्या मातीतलं पारंपरिक गाणं. कुणी रचलं, कधी रचलं, कुणालाच माहीत नाही. हीच तर त्याची गंमत आहे."

बुवा हात जोडून उभेच होते. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, बसा की जरा, दिसंना झालंय." बुवांनी मागं वळून त्यालाच नमस्कार केला आणि खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर शिवा दातओठ खात स्टेजमागं गेला. केसानं गळा कापला होता त्या पोरानं, तोही पाया पडून. बुवा नको नको म्हणत मागं आले. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशीच शुभंकर दिसला, आणि त्यानं शिवाला मिठीच मारली. "शिवादादा! बुवा, तुम्हीपण आलात?" तो वाकून पाया पडला. त्या पाया पडण्यात खोट नव्हती, हेच तर जास्त जळवणारं होतं.

"नावाचं कडवं कुठं हाय?" शिवानं विचारलं.

शुभंकर गोंधळला. "अरे दादा, मी तुला मार्चमध्ये फोन केला होता ना? म्हटलं, शेवटचं कडवं जड होतंय, लोक विचारतील धोंडू कोण, गोदा कोण. काढलं तर चालेल का? तू म्हणालास, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

शिवाला तो फोन आठवला. बागेत पेट्या चढवत होता, भोवती दहा-बारा गडी होते, आणि फोनवर नाव आलं, 'शुभंकर जांभा'. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो "हो दादा, हो दादा" करत राहिला होता. प्रश्न ऐकू आला नव्हता असं नाही. चांगला ऐकू आला होता. पण एवढा मोठा माणूस आपल्याला विचारतोय, याच आनंदात त्यानं 'तुमाला योग्य वाटंल ते करा' म्हणून टाकलं, आणि फोन ठेवून गड्यांना सांगितलं, बघा, मला विचारल्याशिवाय पान हलत नाही त्यांचं.

"आनि कुनी रचलं म्हाईत नाय, हे कुनी सांगितलं तुला?" शिवा ओरडला.

"पारंपरिक म्हटलं की ते सगळ्यांचं होतं ना, दादा. बुवांचं गाणं सगळ्या महाराष्ट्राचं झालं. वाईट काय त्यात?" तेवढ्यात कुणी हाक मारली आणि तो "आलोच" म्हणून गेला. तो परत आला नाही, आणि हे दोघंही थांबले नाहीत.

गाडीपाशी आल्यावर बुवांनी एवढंच विचारलं, "तुला इचारलं व्हतं?"

"व्हय."

"मंग त्याच्यावं कशाला वरडतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरेपर्यंत शिवा वाट बघत होता, की बुवा शिव्या देतील, एक थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. बुवांनी वही मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघितलं, आणि वाडीत उतरताना नेहमीसारखं "येतो रं" म्हणाले. शिवानं त्याच दुपारी ब्लेडनं काचेवरचं नाव खरवडून काढलं. अक्षरं गेली, पण तेवढ्या जागी काच जास्त लख्ख दिसू लागली, आणि उन्हात 'जांभा' अजून वाचता यायचं.

गणपती आले. शिवाला वाटलं होतं, बुवा यंदा ढोलकी दुसऱ्याकडं देतील. त्यांनी दिली नाही. "चल," एवढंच म्हणाले, आणि शिवा ढोलकी गळ्यात घालून निघाला. गौरीच्या दिवशी दुपारी पहिल्याच घरी बुवांनी विहिरीचं गाणं घेतलं. नावाच्या कडव्याला उठले, हात जोडले, गोदाबाईचं नाव घेतलं. खळ्यात बसलेल्या म्हाताऱ्या गहिवरल्या. पण मुंबईहून सणाला आलेली त्या घरची नात मृणाली, मोठी गोड मुलगी, प्रसाद देता देता बुवांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही जांभाचं गाणं काय सुंदर म्हणता! आणि शेवटी तुमचं नि आजीचं नाव जुळवलंत ना, ते तर फारच क्यूट."

शिवा ताडकन म्हणाला, "त्यांचं नाय ते. बुवांचं हाय गाणं. बुवांनीच रचलं."

"हो ना काका," ती हसून म्हणाली, पोरांच्या समजुतीसाठी म्हणावं तसं. आणखी काय सांगणार? मीच त्या चोराला दारात आणला, मीच त्याला कडवं काढायला सांगितलं? शिवानं मान खाली घालून ढोलकीची दोरी आवळली. बुवांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि प्रसाद कपाळाला लावला.

पुढचं घर विठू धनावड्याचं. तिथंही बुवांनी तेच गाणं घेतलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तिसरं संपताच शिवाचा हात सवयीनं नावाच्या कडव्याच्या ठेक्यात शिरला, आणि बुवांना उठायला जागा व्हावी म्हणून तो जरा बाजूला सरकला. बुवा उठले नाहीत. फेर धरलेली पोरं दोन पावलं टाकून एकमेकांकडं बघत थांबली. ढोलकी एकटीच वाजत राहिली.

"थांब रं," बुवा म्हणाले. "संपलं गानं."